दुर्गम डोंगरात स्वस्त सेन्सरने हवा मोजायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की उंच डोंगरात, जिथे ना वीज ना रस्ता, तिथे पाच-सहा स्वस्तातले पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण) मोजणारे सेन्सर लावायचेत, वर्षभर डेटा घ्यायचाय, तर कुठला सेन्सर घ्यावा आणि आकड्यांवर कितपत विश्वास ठेवावा. मी हेच काम बरीच वर्षं करतोय म्हणून जरा लांबण लावतो, पण आधी एक सांगतो, "कुठला सेन्सर" हा यातला सगळ्यात सोपा प्रश्न आहे आणि लोक नेमका त्याच्यावरच सगळा वेळ घालवतात. खरा प्रश्न म्हणजे तुम्हाला त्या हवेबद्दल नक्की काय विचारायचंय. तिथली हवा "किती" स्वच्छ आहे हे विचारायचं असेल तर स्वस्त सेन्सर तुम्हाला खोटं उत्तर देईल, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत. धूर कधी येतो, कुठून येतो, किती तास थांबतो, खालच्या दरीतला वर चढतो का, हे विचारायचं असेल तर मात्र हेच सेन्सर फार कामाचे आहेत.

असं का ते आकड्यांत बघा. एव्हरेस्टच्या पायथ्याजवळ, ५०७९ मीटरवर पिरॅमिड नावाचं एक संशोधन केंद्र आहे, तिथे २००६ पासून चांगल्या महागड्या यंत्रांनी हवा मोजली गेली. पीएम १, म्हणजे एक मायक्रॉनपेक्षा बारीक कण, तिथे सरासरी साधारण २ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर निघाले. आता प्लँटॉवर कंपनीच्या पीएमएस५००३ ची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडा, हा जगात खूप वापरला जाणारा स्वस्त सेन्सर. त्यात ० ते १०० च्या पट्ट्यात दोन सेन्सरमधला फरक ±१० मायक्रोग्रॅमपर्यंत असू शकतो असं कंपनीनेच लिहिलंय. म्हणजे मोजायचंय २ आणि चूक १० ची. लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोनं तोलण्यातला प्रकार आहे हा. आणि फक्त स्वस्त सेन्सरला नावं ठेवू नका, सरकारी स्टेशनवर असतं ते बीटा किरणांवर चालणारं बॅम १०२० यंत्रसुद्धा एका तासाच्या आकड्यात ४.८ मायक्रोग्रॅमच्या खालचं धडपणे सांगू शकत नाही, चोवीस तासांची सरासरी काढली की १ पर्यंत उतरतं. स्वच्छ हवा मोजणं हे घाण हवा मोजण्यापेक्षा अवघड आहे, हे शहरात काम केलेल्यांच्या पटकन लक्षात येत नाही.

पण त्याच डोंगरात खाली जंगल पेटलं किंवा थंडीत दरीत चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर साचला की आकडा २ वरून ४०, ६०, १०० वर जातो, आणि ते हा सेन्सर अगदी व्यवस्थित पकडतो. म्हणून मी नेहमी म्हणतो की पातळीच्या मागे लागू नका, ग्राफच्या आकाराच्या मागे लागा.

सेन्सर आतून काय करतो तेही समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं कळेल. छोटा पंखा हवा आत ओढतो, लेझरच्या किरणातून कण जातात, विखुरलेला प्रकाश एका डायोडवर पडतो आणि आतली चिप त्यावरून कणांचा आकार आणि वजन याचा अंदाज बांधते. वजन कुणी केलेलंच नसतं. ०.३ मायक्रॉनच्या खालचे कण त्याला दिसतच नाहीत, आणि वरच्या बाजूला जाडे धुळीचे कण पण फारसे पकडता येत नाहीत, त्यामुळे पीएम १० म्हणून जो आकडा येतो तो बहुतेक बारीक कणांवरून लावलेला अंदाज असतो. डोंगरात वाळवंटी धुळीचं वादळ येऊन गेलं, समोरचा डोंगर दिसेनासा झाला तरी सेन्सर जेमतेम थोडासा हलेल. तुमचा विषय धूर असेल तर ठीक, धूळ असेल तर हा रस्ताच सोडा. नायट्रोजन डायऑक्साइडचे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर तर तिथे नेऊच नका, दुर्गम भागात तो वायू एक पीपीबीच्याही (अब्जात एक भाग) खाली असतो आणि सेन्सरचा आकडा उगाच वरखाली होतो तोच त्याच्या कित्येक पट. ओझोनचं थोडं वेगळं, उंचावर तो ४०-५० पीपीबी सहज असतो त्यामुळे मोजण्यासारखं काहीतरी असतं तरी, पण तापमानाची दुरुस्ती करता करता जीव जातो.

आता आर्द्रता. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण डोंगरातला निम्मा कचरा डेटा इथून येतो.

हवेतले सल्फेट, नायट्रेटचे कण पाणी ओढून फुगतात. आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या पुढे गेली की फुगणं वाढत जातं आणि ९५ च्या पुढे तर विचारूच नका. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, सेन्सरला वाटतं प्रदूषण वाढलं. त्याहून वाईट म्हणजे धुकं किंवा ढग, डोंगरात ढग अंगावरून जातो, आणि ढगाचे थेंब हेच सेन्सरच्या दृष्टीने कण. स्वच्छ पावसाळी रात्री १५० आलेत असा ग्राफ घेऊन लोक येतात आणि विचारतात इथे काय जळलं. काहीच जळलं नाही, ढग आला. बॅमसारख्या यंत्रात हवा आत घेताना गरम करून कोरडी करतात, पण हीटरला वीज लागते आणि ती आपल्याकडे नाही, शिवाय गरम केलं की काही नायट्रेट आणि सेंद्रिय भाग उडूनही जातो. म्हणून सोपा उपाय, बाहेरच्या हवेची आर्द्रता मोजणारा वेगळा सेन्सर लावा, एसएचटी३१ सारखा, आणि ९० टक्क्यांच्या वरचे पीएमचे आकडे विश्लेषणात सरळ बाजूला ठेवा. खोडू नका, फक्त खूण करून ठेवा. मान्य आहे की पावसाळ्यात मग हातात फार काही उरणार नाही, पण जे उरेल ते खरं असेल.

इथे एक बारीक गोष्ट. आर्द्रतेचा सेन्सर डब्याच्या आत ठेवला तर इलेक्ट्रॉनिक्सच्या उबेने तो बाहेरच्यापेक्षा कमी आर्द्रता दाखवतो. त्यात चूक असं काही नाही, पण तुम्ही कुठला फॉर्म्युला वापरताय त्यावर ते अवलंबून आहे. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या लोकांनी पर्पलएअर (आत प्लँटॉवरचेच सेन्सर असलेलं तयार यंत्र) साठी २०२१ मध्ये एक दुरुस्ती छापली, ती सगळीकडे डोळे झाकून वापरली जाते: सेन्सरचा सीएफ=१ वाला आकडा (सेन्सर सीएफ=१ आणि एटीएम असे दोन आकडे देतो, त्यातला पहिला) गुणिले ०.५२४, वजा आर्द्रता गुणिले ०.०८६२, अधिक ५.७५. यातली आर्द्रता ही डब्याच्या आतली आहे. आणि हा फॉर्म्युला अमेरिकेतल्या हवेवर बसवलेला आहे, त्यांच्याकडे तो उत्तम चालतो, पण डोंगरात काय होतं बघा. सेन्सर शून्य दाखवतोय आणि आर्द्रता २० टक्के आहे, तर फॉर्म्युला म्हणतो ४ मायक्रोग्रॅम, म्हणजे वर सांगितलेल्या पिरॅमिडच्या सरासरीच्या दुप्पट, हवेत काहीही नसताना! आर्द्रता ९० घ्या, उत्तर उणे २. स्वच्छ हवेत हा फॉर्म्युला कणांची नाही, आर्द्रतेची गोष्ट सांगायला लागतो. धुराच्या दिवसांत वापरा, तिथे त्याचा उपयोग आहे कारण हे सेन्सर बऱ्याचदा जवळजवळ दुप्पट दाखवतात हे खरंच आहे, पण स्वच्छ दिवसांच्या आकड्यांना लावून "आमच्या शिखरावर ४.१ आहे" असं कुठे लिहू नका, आणि डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटना) २०२१ ची वार्षिक मर्यादा ५ आहे म्हणून आम्ही त्यात बसतो असं तर मुळीच नको.

उंचीचा परिणाम लोक विसरतात. ५००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास, ५४० हेक्टोपास्कल. म्हणजे दरीतली हवा जशीच्या तशी वर नेली तरी ती फुगते आणि एका घनमीटरमधला धूर कमी होतो, काहीही साफ झालेलं नसताना. तेव्हा खालच्या आणि वरच्या स्टेशनची तुलना करून "किती धूर वर पोचला" असं म्हणायचं असेल तर आधी दोन्ही आकडे एकाच प्रमाण दाब-तापमानाला आणा, त्यासाठी दाबाचा सेन्सर हवा, तो छोटासा असतो, लावून टाका. माणसं तिथे श्वासातून काय घेतात असा प्रश्न असेल तर बदलू नका, आहे तसा ठेवा. रिपोर्टमध्ये कुठला आकडा दिलाय ते लिहा एवढंच. कार्बन डायऑक्साइडचा एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशावर चालणारा) सेन्सर लावणार असाल तर त्याला दाबाची दुरुस्ती द्यावीच लागते, नाहीतर उंचावर तो सरळ कमी दाखवतो.

आता वीज, म्हणजे जिथे प्रोजेक्ट खरोखर मरतात ती जागा. पीएमएस५००३ चालू असताना ५ व्होल्टवर १०० मिलिअँपपर्यंत घेतो, म्हणजे अर्धा वॅट, दिवसाचे १२ वॅट-तास. एका चांगल्या १८६५० सेलमध्ये (लिथियमचा छोटा गोल सेल) साधारण ११ वॅट-तास असतात. म्हणजे सतत चालवला तर एक सेल एक दिवस पण पुरत नाही. पण सतत चालवायची गरजच काय, दर दहा मिनिटांनी उठवा, पहिली ३० सेकंदं पंखा स्थिर व्हायला द्या आणि ते आकडे टाकून द्या, पुढच्या ३० सेकंदांची सरासरी घ्या, परत झोपवा. खर्च एक दशांशावर आला, तोच सेल आता आठवडाभर जाईल, आणि लेझरचं आयुष्यही वाढतं. एसडीएस०११ मधल्या लेझरचं आयुष्य ८००० तास सांगतात, म्हणजे सतत चालवला तर वर्षही पूर्ण होत नाही, तिथे तर झोपवणं भागच आहे. सेन्सिरिऑनचा एसपीएस३० जास्त टिकतो, मला तो आवडतो, पण त्याची एक खोड लक्षात ठेवा, तो दर आठवड्याला आपोआप पंखा जोरात फिरवून स्वतःला साफ करतो आणि हा आठवड्याचा काउंटर वीज गेली की शून्यावर येतो. तुम्ही दर दहा मिनिटांनी सप्लाय तोडत असाल तर ती सफाई कधीच होणार नाही, ती कोडमधून स्वतः द्यायला लागते.

सगळं चालवणारा कंट्रोलर म्हणून ईएसपी३२ ही चिप घेतात सगळे, डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, ती १० मायक्रोअँपच्या आसपास घेते असं वाचून खूश होतात आणि मग डेव्हलपमेंट बोर्डवरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि तो लाल एलईडी रात्रभर कित्येक मिलिअँप खात बसतात. मीटर लावून झोपेतला करंट मोजल्याशिवाय डोंगर चढूच नका.

बॅटरीचं मोठं दुखणं थंडी. लिथियम-आयन बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नाही, लिथियम आयर्न फॉस्फेटवाली पण नाही, कारण ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी लिथियम धातू होऊन वरच साचतं आणि बॅटरी कायमची बाद होते, कधी धोकादायकही. वापरता येते शून्याखाली, चार्ज करता येत नाही. आणि डोंगरात नेमकं काय होतं, सकाळी ऊन पॅनेलवर पडतं तेव्हा डबा अजून उणे दहावर असतो. त्यामुळे तापमान बघून चार्जिंग तोडणारा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) घ्या, बॅटरी वेगळ्या डब्यात घालून जमिनीत पुरा किंवा दगडांच्या आडोशाला भरपूर इन्सुलेशन घालून ठेवा, आणि सलग आठ-दहा दिवस ऊन नाही असं धरून क्षमता काढा. लेड-अ‍ॅसिड कुणी सुचवेल, थंडीत तिची क्षमता घटते, रिकामी झाली तर आतलं पाणी गोठून फुटते, आणि ती पाठीवर न्यायची कुणी हा प्रश्न उरतोच.

सोलर पॅनेल थंडीत उलट चांगलं चालतं, पण त्याचं ओपन सर्किट व्होल्टेज थंडीत वाढतं, चार्जरची कमाल मर्यादा बघून घ्या. बर्फ पडत असेल तर पॅनेल जवळजवळ उभंच लावा, ६५-७० अंशांत, बर्फ घसरून जातो आणि खालच्या बर्फावरून परावर्तित होणारा उजेड पण मिळतो. आणि जागा ठरवताना उन्हाळ्यात जाऊन "इथे मस्त ऊन आहे" म्हणू नका, डिसेंबरात समोरची धार सूर्य किती वाजेपर्यंत अडवते ते फोनवरच्या सूर्यमार्गाच्या अ‍ॅपवर बघा. अरुंद दरीत हिवाळ्यात दोन-तीन तास ऊन मिळालं तरी नशीब.

डब्याबद्दल फार नाही सांगत. हवा घ्यायचं तोंड खाली, आत-बाहेरची भोकं लांब लांब म्हणजे तीच हवा फिरत राहणार नाही, बारीक जाळी लावा कारण कोळी आणि गांधीलमाश्यांना ही भोकं फार आवडतात आणि कोळ्याचा एक धागा लेझरसमोर लटकला की सेन्सर कायम प्रदूषण दाखवतो. पीएलए प्लास्टिकचा थ्रीडी प्रिंट उन्हात वाकतो आणि फुटतो, एएसए प्लास्टिक वापरा. सर्किटवर कन्फॉर्मल कोटिंग (ओलाव्यापासून वाचवणारा पातळ लेप) द्या, सेन्सरवर मात्र नाही. वायरी धातूच्या पाइपातून न्या, उंदीर, माकडं, गुरं, काहीही कुरतडतं.

डेटा पाठवायचं म्हणाल तर लोरा (कमी विजेचा, लांब पल्ल्याचा रेडिओ) उत्तम, समोरासमोर दिसत असेल तर कमी विजेत कित्येक किलोमीटर जातो, पण मध्ये एक धार आली की संपलं, मग त्या धारेवर रिपीटर ठेवावा लागतो. सॅटेलाइट मॉडेम मोहात पाडतो पण बऱ्याच देशांत, खासकरून सीमाभागात, त्याला परवाना लागतो आणि बिनपरवाना सापडलात तर फक्त यंत्र जप्त होऊन भागत नाही. काहीही पाठवा, पण प्रत्येक नोंद एसडी कार्डवर आधी लिहा. वीज कमी झाल्यावर लिहिताना कार्डची फाइल सिस्टीम बिघडते, म्हणून ठरावीक व्होल्टेजच्या खाली लिहिणं बंद करा आणि रोज नवी फाइल उघडा म्हणजे गेली तर एकाच दिवसाची जाईल. घड्याळाला डीएस३२३१ ही वेगळी घड्याळाची चिप, ती वर्षात एक-दोन मिनिटंच चुकते, ईएसपीच्या आतल्या घड्याळावर महिनोनमहिने भरवसा ठेवला तर सकाळचा धूर दुपारचा होऊन बसतो. आणि वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळ) लिहा.

आता ज्याला लोक कंटाळतात ते काम, एकत्र चालवून बघणं. सगळे सेन्सर डोंगरावर न्यायच्या आधी निदान दोन आठवडे एकाच जागी, शेजारी शेजारी चालवा. कुठला कायम जास्त दाखवतो, कुठला कमी, हे तेव्हाच कळतं, वर नेल्यावर कधीच कळत नाही. हेपा फिल्टर (बारीक कण अडवणारा) लावलेल्या पिशवीत ठेवून शून्य खरंच शून्य येतं का तेही बघा. प्रत्येक डब्यात दोन सेन्सर ठेवा, पर्पलएअर हेच करतं, दोघं भांडायला लागले की एक खराब झालाय हे घरबसल्या कळतं. शक्य असेल तर जवळच्या एखाद्या संदर्भ यंत्राशेजारी पण चालवा, पण शहरातल्या यंत्राशेजारी बसवलेली दुरुस्ती डोंगरात तशीच लागू होत नाही, कारण गाड्यांचा धूर, लाकडाचा धूर, लांबून आलेला जुना धूर, यांचे कण आकाराने आणि प्रकाश विखुरण्याच्या दृष्टीने वेगळे असतात. त्यापेक्षा मी एक सेन्सर "फिरता" ठेवतो, कुठल्याच जागी कायमचा लावत नाही, प्रत्येक भेटीत तो त्या जागेच्या सेन्सरशेजारी दोन-तीन दिवस चालवतो. वर्षाच्या शेवटी सगळे परत आणून पुन्हा एकत्र चालवतो. तेव्हाचा फरक आणि सुरुवातीचा फरक यात जे बदललं तो सेन्सरचा घसारा, म्हणजे जुना होताना त्याचे आकडे सरकणं, ते डोंगराचं हवामान नाही.

जागा निवडताना पाच सेन्सर पाच गावांत वाटून टाकायचा मोह होतो, सगळ्यांना बरं वाटतं म्हणून. माझं मत विचाराल तर एकाच दरीत लावा, तळाला दोन, उतारावर दोन, धारेवर एक. कारण डोंगरात हवेचा दिनक्रम ठरलेला असतो. रात्री उतारावरची थंड हवा खाली उतरते, दरीत साचते, वर उबदार थराचं झाकण बसतं आणि सकाळी चुली पेटल्या की धूर त्याच्या खालीच कोंडतो. ऊन तापलं की झाकण मोडतं आणि वारा दरीतून वर वाहायला लागतो, सगळा धूर उतार चढून दुपारी धारेवर पोचतो. पिरॅमिडवर पावसाळ्याआधीच्या महिन्यांत नेमकं हेच दिसलं, खालच्या मैदानांवरचा धुरकट थर दरीच्या वाऱ्याबरोबर दुपारी पाच हजार मीटरवर. तुमच्या तळाच्या सेन्सरच्या ग्राफमधला उंचवटा सकाळी आठला, उतारावर अकराला आणि धारेवर दुपारी दोनला दिसला, आणि हे कोरड्या दिवसांत पुन्हा पुन्हा घडलं, तर धूर वर चढतोय हे तुम्ही दाखवलंत, आणि त्यासाठी आकडा ४० होता की ६० याने काही फरक पडत नाही. सोबत साधा वाऱ्याचा सेन्सर असेल तर कुणी वादही घालू शकणार नाही.

चुलीच्या अगदी समोर, रस्त्याच्या कडेला, किंवा ज्या देवळात रोज धूप जळतो त्याच्या भिंतीवर लावू नका, मग तुम्ही दरी नाही ती एक चूल मोजताय. आणि प्रत्येक जागेजवळ राहणारा एक माणूस शोधा जो आठवड्यातून एकदा जाळी फुंकेल, पॅनेलवरचा बर्फ काढेल आणि वहीत लिहील, आज ढग होता, आज पलीकडचं रान पेटलं होतं, आज शेतात काडीकचरा जाळला. त्याला त्याचे पैसे द्या, प्रोजेक्टच्या बजेटमध्ये धरून. ग्राफवरचा विचित्र उंचवटा ढगाचा होता की आगीचा, हे ती वहीच सांगते.

मिनिटाचे आकडे बघत बसू नका, तासाचे मध्यक काढा, आणि ज्या तासात ७५ टक्के नोंदी नाहीत तो तास सोडून द्या. कच्चा डेटा, म्हणजे सीएफ=१ आणि एटीएम हे दोन्ही कॉलम आणि कणांची संख्या, सगळं जपून ठेवा, कारण दुरुस्तीचे फॉर्म्युले दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि दुरुस्त केलेल्या आकड्यांवरून मागे येता येत नाही. पहिल्या वर्षी फक्त दोन डबे लावा असं माझं सांगणं राहील, एक तळाला, एक धारेवर, एक हिवाळा काढू द्या त्यांना, त्यात काय मोडतं ते बघून मग बाकीचे बांधा.